भट्टीशेजारचे दप्तर

३ जानेवारी

छोटे मालक आज फोन न करता घरी आले. थोरले असते तर त्यांनी मला बोलावणे धाडले असते. हे जिना चढून आले, बूट बाहेर काढले, पाणी मागून घेतले. गरज कोणाची आहे ते उंबऱ्यातच कळले.

काचकारखान्याचे संग्रहालय करायचे म्हणतात. जुने साचे, फुंकण्या, नमुन्याची भांडी, आणि मुख्य म्हणजे दप्तर: पहिल्या दिवसापासूनची रेखाटने, छायाचित्रे, कामगारांच्या नोंदी. "बाई, दप्तर तुम्ही लावलंत. तुमच्याशिवाय त्याला हात लावायची कोणाची छाती आहे? बाबा सांगायचे, तुम्ही त्यांना सिगारेटसकट बाहेर काढलं होतं."

काढले होते. दप्तरात आग नाही, हा नियम मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दारावर लावला, आणि त्यात 'मालक सोडून' असे लिहिलेले नव्हते. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी त्यांच्या घरात ही गोष्ट सांगितली जाते, याचे बरे वाटले. चेहऱ्यावर दिसू दिले नाही. विचार करून कळवते, म्हटले. विचार कसला करायचा होता?

ते गेल्यावर खालून भाऊ आला.

"काय म्हणतोय?"

"कारखान्याचं संग्रहालय काढतोय."

"माणूस जिवंत आहे, ताई, आणि तुम्ही त्याचे कपडे वाटायला निघालात."

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. कारखाना गेल्या वर्षी बंद पडला, पण भट्टी पेटती आहे. भाऊ आणि त्याच्याबरोबरचे भट्टीवरचे सात जण सोसायटी काढून बसले आहेत. मार्चअखेरपर्यंत भट्टी राखायला मालकांनी परवानगी दिली आहे. काचेची भट्टी निवली की मेली. मुशींतली काच थिजते, मुशी तडकतात, छताच्या विटा सुटतात, आणि नवी बांधणे या लोकांच्या सात पिढ्यांना जमणार नाही. म्हणून पाळ्या लावून नुसती धग सांभाळतात, भाकड गाय पोसावी तशी. कंदिलाच्या काचा घेणारी एक कंपनी आहे, तिचा माणूस फेब्रुवारीच्या शेवटी येणार आहे. त्याच्यासमोर पेटत्या भट्टीतून काच काढून दाखवली की काम मिळणार. भाऊ दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाही.

संग्रहालय आणि भट्टी दोन्ही एका आवारात राहायला काय हरकत आहे? मला तरी दिसत नाही.

९ जानेवारी

कचेरीच्या इमारतीत गेले. माझ्या दप्तराची दशा बघवत नाही. खालच्या दोन फळ्या वाळवीने खाल्ल्या आहेत. छत एका कोपऱ्यात गळते आणि त्याखाली कोणी शहाण्याने बादली ठेवली आहे, ती भरून वाहते आहे. माझ्यानंतर आलेल्या कारकुनाने गठ्ठ्यांवर रंगांच्या खुणा केल्या आणि कोणता रंग कशाचा ते कुठेच लिहून ठेवले नाही. हाताखाली असता तर त्याला रंग दाखवला असता.

मालक म्हणाले, ही इमारत फेब्रुवारीअखेर पाडायची आहे. मग त्यांनी मला साचेघर दाखवले. मोठी खोली, हवेशीर, एक डाग ओल नाही. ओल कशी असेल? भिंतीपलीकडे भट्टी आहे. भिंतीला हात लावला तर ऊबदार लागली.

"इथे कागद ठेवायचे? भट्टीला लागून?" मी म्हटले.

"तेच तर, बाई! हे आमच्या लक्षात आलंच नसतं. तुम्ही असं करा, काय काय पाळायला हवं ते मला लेखी द्या. त्याप्रमाणे पुढे जाऊ."

म्हणजे दुसरी जागा बघणार. ऐकून घेणारा मालक बऱ्याच वर्षांनी पाहिला.

१२ जानेवारी

टिपण लिहून दिले. दोन पाने, खाडाखोड नाही. ओल, वाळवी, ऊन, उंदीर, हाताळणी, आणि शेवटी आग: 'कागदपत्रे ठेवलेल्या जागेस लागून उघडी आग अथवा पेटती भट्टी असू नये.' मालकांनी लक्ष देऊन वाचले. फक्त 'कोणत्याही परिस्थितीत' एवढे शब्द घाला म्हणाले. घातले. वाक्याला जोर आला.

दुसरी जागा मिळेपर्यंत कागद तात्पुरते साचेघरात हलवायचे ठरले. माझ्याच टिपणाच्या विरुद्ध आहे हे मी बोलून दाखवले. ते म्हणाले, "वाळवीपेक्षा बरं, नाही का? महिनाअखेर, पुढचा महिना, तुमच्या सवडीनं." वाळवीपेक्षा बरे, हे खरेच आहे.

१८ जानेवारी

भावजय वर आली. एरवी दारातून बोलते, आज खुर्ची ओढून बसली.

"वन्सं, कागद आमच्या खालच्या खोलीत ठेवा की. आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपू. ह्यांनीच सांगितलंय."

"स्वयंपाकघराची भिंत लागून आहे. वाफ येते."

"मी खिडकी उघडून करीन."

"धूळ येईल मग."

ती म्हणाली, "ते साचेघर भट्टीला चिकटून आहे, वन्सं. उद्या कोणी म्हटलं, कागद आहेत, भट्टी नको, तर?"

"कोण म्हणेल?"

"तुम्हीच म्हणत आलात ना जन्मभर."

तिला समजावले की नियम जपण्यासाठी असतात, कोणाच्या मुळावर येण्यासाठी नसतात. खोलीबद्दल आभार मानले. चांगली आहे, पण कल्पनाशक्ती फार. आणि घरी ठेवलेल्या दप्तराला दप्तर म्हणत नाहीत, अडगळ म्हणतात.

२९ जानेवारी

हलवाहलव पूर्ण. मालकांनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. काम समोर पडलेले असताना हातावर हात ठेवून बसणे मला जमत नाही. मजूर मिळेनात तेव्हा भट्टीवरचेच मदतीला आले. एकेक गठ्ठा छातीशी धरून आणला, एकही दोरी सुटली नाही. फुग्या म्हणून त्यांच्यात एक आहे. फुंकून फुंकून गालांच्या पिशव्या झाल्यात त्याच्या. तो प्रत्येक फेरीला काहीतरी बोलत होता.

"दप्तरबाई, थंडीत कागद शेकायला आणलेत का?"

"तोंड बंद ठेव आणि गठ्ठा सरळ धर."

"तोंड बंद ठेवलं तर काच कोण फुंकणार?"

सगळे हसले. भाऊही हसला. बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिला. कामगारांच्या नोंदींचा गठ्ठा त्यानेच आणला आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "सांभाळ ग. यात आम्ही आहोत."

कपाटे लावून झाली. सालवार, विभागवार. आता माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली तरी मी हवा तो कागद काढून देईन.

७ फेब्रुवारी

अग्निशमन खात्याचे अधिकारी आले होते. संग्रहालयाच्या परवानगीसाठी पाहणी लागतेच. हातात माझे टिपण होते. टंकलिखित प्रत काढलेली, खाली माझे नाव आणि पद. पद 'अभिलेखप्रमुख' असे घातले होते. मला कोणी विचारले नव्हते, पण चूक नाही.

"हे तुमचं मत?" त्यांनी विचारले.

"मत नाही. नियम आहे."

"कागद हलवलेत?"

"हलवून, लावूनही झालेत."

ते भिंतीला हात लावून पलीकडे गेले. परत आले तेव्हा मालकांना म्हणाले, एक तर कागद नाही तर भट्टी. मालकांनी फार वेळ घेतला नाही. कचेरीची इमारत धोकादायक ठरलेली आहे, कागदांना दुसरी जागा नाही, म्हणाले. आठवड्याच्या आत भट्टी विझवावी असा आदेश झाला.

गाडीत बसताना मालक मला म्हणाले, "वाईट वाटतं, बाई. पण तुमच्या नियमापुढे माझ्या बापाचं चाललं नाही, माझं काय चालणार?" खरोखरच वाईट वाटलेले दिसले. त्यांच्याबरोबर एक वास्तुरचनाकार होता. तो तेवढ्यात भट्टीघराची मापे घेत होता. कामसू मुलगा.

भट्टीचा निर्णय माझा नाही. मी जागा बदला म्हटले होते.

८ फेब्रुवारी

भाऊ सकाळी आला. बसला नाही.

"ताई, एवढं लिहून दे, कागद अजून हलवायचे आहेत म्हणून."

"हलवलेत. तूच उचललेस."

"मग परत उचलतो! आजच. आठ जण आहोत, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करतो. आमच्या घरात ठेव, पोटमाळ्यावर ठेव, माझ्या डोक्यावर ठेव. तो कंदीलवाला येऊन जाईपर्यंत. मग तुझं दप्तर तुला, जसं होतं तसं."

"जसं होतं तसं कधी लागत नाही. सगळं क्रमवार लावलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "क्रमवार."

"हो."

"मी माणसांचं बोलतोय, ताई."

"मीही माणसांचंच बोलते. त्यांच्याच नोंदी आहेत त्या. तुम्ही आठ जण आज आहात. त्या कागदांत तुमच्या आधीचे सगळे आहेत. ते कोण सांभाळणार?"

"आधीचे काही मागत नाहीत. आम्ही मागतोय."

मी म्हटले की आज ना उद्या ती विझायचीच होती, मार्च काही लांब नाही. तो म्हणाला, "आज ना उद्या सगळेच विझणार आहेत. म्हणून कोणी आजच फुंकर मारत नाही."

खोटे लिहून दिले नाही. ज्या हातांनी आयुष्यभर खऱ्या नोंदी ठेवल्या त्यांनी या वयात खोटी नोंद करायची? तो गेला. जेवण गेले नाही. पित्त झाले असावे.

१४ फेब्रुवारी

भट्टी आज बंद केली. छायाचित्रकार मी ठरवला होता. पहिल्यांदा पेटवतानाचे छायाचित्र दप्तरात आहे. थोरल्या मालकांचे वडील, टोपी हातात, डोळे बारीक केलेले. विझवतानाचे नको? संग्रह म्हणजे दोन्ही टोके हवीत.

आठही जण आले होते, धुतलेले कपडे घालून. कोणी बोलत नव्हते, फुग्यासुद्धा. गॅसच्या मोठ्या व्हॉल्व्हवर भावाने हात ठेवला आणि फिरवायला सुरुवात केली. आवाज उतरत गेला. तो आवाज मी रोज ऐकत आले, म्हणून कधी ऐकलाच नव्हता. अर्ध्यावर आला तेव्हा छायाचित्रकार म्हणाला, "सॉरी, फ्लॅश उडाला नाही. परत एकदा घेऊ या का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी भावाला म्हटले, थोडा परत उघड आणि मघासारखा उभा राहा.

त्याने उघडला. भडका पुन्हा उठला, भट्टीची तोंडे तांबड्याची पिवळी झाली, आणि आठही माणसे न सांगता एकेक पाऊल पुढे आली. फुग्याचा हात मागे फुंकणीकडे गेला. छायाचित्र नेमके त्याच क्षणी निघाले. मग भावाने व्हॉल्व्ह शेवटपर्यंत फिरवला.

छायाचित्र उत्तम आले आहे. चेहरे अगदी स्पष्ट.

१७ फेब्रुवारी

साचेघरात काम करणे अवघड झाले आहे. भिंतीपलीकडे दिवसभर काहीतरी तडकते. मध्येच एकदम टण्ण होते, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा. अनुक्रमणिका करताना दोनदा आकडा चुकला. मालकांना सांगितले तर म्हणाले, "मुशी आहेत हो, बाई. निवतायत. चार दिवस चालेल."

भिंत गार पडली. आता ओल येणार नाही ना, याकडे लक्ष ठेवले पाहिजे.

२६ फेब्रुवारी

कंदीलवाला येऊन गेला. भावाने कळवले होते तरी आला. दुसऱ्या कामाने याच बाजूला येणे होते म्हणे. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा होता. दोघे भट्टीघरात गेले. मी साचेघराच्या दारात होते. ऐकत नव्हते, पण ऐकू येत होते. त्या माणसाने मुशीत थिजलेल्या काचेवर बोटाने टकटक केले.

"काच चांगली होती हो तुमची."

"होती," भाऊ म्हणाला.

"पेटती असती तर आजच बोललो असतो."

बस्स, एवढेच. पाहुणा गेला. भावाने मुशीतल्या काचेचा एक ढलपा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि परत होता तिथे ठेवला. तो ढलपा नंतर मी संग्रहात नोंदवून घेतला.

२० मार्च

कामगारांचा एक फलक करायचा आहे. नाव, काम, वर्षे, शिक्षण, दोन ओळी माहिती. भावाचा मजकूर लिहून टेबलावर ठेवला होता: 'सातवीपर्यंत शिक्षण. अभ्यासात गोडी नसल्याने लहान वयात भट्टीवर रुजू.' भावजय धुतलेले कपडे द्यायला आली होती. तिने तो उभ्या उभ्या वाचला.

"गोडी नसल्याने?"

"नव्हतीच त्याला."

"तुम्ही कॉलेजात नाव घातलंत त्याच साली हे भट्टीला लागले, वन्सं."

"असेल. म्हणून काय झालं?"

"काही नाही. साल तेवढं बरोबर घाला."

साल तपासले. तिचे बरोबर आहे. घातले.

२ एप्रिल

भावासाठी मालकांकडे शब्द टाकला. मी कधी कोणासाठी शब्द टाकत नाही, तरी टाकला. ते लगेच हो म्हणाले. येणाऱ्या लोकांना फुंकणी कशी धरतात, काच कशी फिरवतात ते करून दाखवायचे. गणवेश, टोपी, बसायला स्टूल. बसून खायचे काम.

संध्याकाळी खाली जाऊन सांगितले.

"थंड फुंकणीत काय फुंकू? वारा?"

"दाखवायचं तर आहे फक्त."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताई, तू माझ्यासाठी आजवर पुष्कळ केलंस. आता पुरे कर."

पुष्कळ केले हे त्याने आज प्रथमच तोंडाने कबूल केले. कृतज्ञता आहे त्याला, फक्त दाखवता येत नाही. नोकरीचे मात्र नाही म्हणाला. हट्टी.

११ एप्रिल

भाऊ आणि भावजय गेले. तिच्या माहेरच्या गावाबाहेर विटांची भट्टी आहे, तिथे आग राखायला माणूस हवा होता. काचेवर हात बसलेला माणूस विटा भाजणार! मी तसे म्हणालेही. फुग्या सामान चढवायला आला होता. टेंपो आता तोच चालवतो. तो म्हणाला, "दप्तरबाई, त्याला आग लागते. विटांची का होईना."

भावाने निघताना नमस्कार केला. भावजय म्हणाली, "येते, वन्सं. दुधाचं सांगून ठेवलंय, वर आणून देईल." खालच्या मजल्याला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. घर एकदम टापटीप झाले आहे.

४ मे

उद्घाटन झाले. भाषणांत माझा उल्लेख दोनदा झाला, एकदा चुकीच्या पदाने. भट्टी फार देखणी दिसते. फुटक्या मुशी काढून चांगल्या तेवढ्या दर्शनी बाजूला लावल्या, आत पिवळा दिवा सोडला आहे, लांबून पेटती वाटते. लोकांनी पुढे उभे राहून फोटो काढले. विझवतानाचे छायाचित्र पुरुषभर उंच करून लावले आहे. एक बाई म्हणाली, "बघा, किती उत्साहानं काम करायचे ही माणसं!"

खाली तपशील लिहिलेला आहे, पण वाचतो कोण?

भावाला निमंत्रण पाठवले होते. फुग्याबरोबर निरोप आला की वीटभट्टी सोडून येता येत नाही, आग मध्येच सोडता येत नाही.

९ जून

मालकांनी बोलावून घेतले. भट्टीघर आता समारंभांना भाड्याने द्यायचे आहे, मागणी फार आहे, भट्टीच्या पार्श्वभूमीवर लोकांना कार्यक्रम हवे असतात. आणि साचेघरात जेवणाची सोय.

"दप्तर?" मी विचारले.

"तेच बोलायला बोलावलं. तिथे आता शेगड्या येणार, बाई. कागदाजवळ आग नको, तुम्हीच तर म्हणता. शहराबाहेर आपलं एक गोदाम आहे, तिथे हलवू. अगदी सुरक्षित."

मी म्हटले, भट्टी नको होती, मग शेगड्या कशा चालतात? ते म्हणाले, "चालतात कुठे? म्हणून तर कागद हलवतोय." वाक्य माझेच होते, 'कोणत्याही परिस्थितीत'सकट. दोन शब्द त्यांचे होते, पण सही माझी आहे.

१३ जून

ट्रक आला. मजूर नवे. गठ्ठे खालून वर फेकत होते. दोऱ्या सुटल्या. मी ओरडले, तर एक जण म्हणाला, "आजी, बाजूला व्हा, लागेल." गोदामाची किल्ली मालकांच्या माणसाकडे. मला हवी असेल तेव्हा मागायची. दोनदा मागितली. तो बाहेरगावी आहे.

कामगारांच्या नोंदींचा गठ्ठा कोणत्या खेपेत गेला, मला सांगता येणार नाही.

२१ जून

आज एका शाळेची सहल आली. माझे आता दप्तर नाही, म्हणून सकाळी दोन तास मी माहिती सांगते. शिक्षिका तरुण होती, चौकस. मुलांना ओळीत बसवून भट्टीसमोर उभी राहिली.

"इतकी चांगली होती, मग विझवली का हो?"

"शेजारच्या खोलीत कारखान्याचे कागद होते. कागदांजवळ आग ठेवत नाहीत."

"असं होय. बघता येतील का ते?"

"हलवले."

"कुठे?"

"गोदामात."

तिने मान डोलावली, मुलांना उठवले आणि पुढच्या दालनात गेली. मी जे सांगितले त्यात एकही अक्षर खोटे नव्हते. तरी दिवसभर वाटत राहिले की तिने आणखी काहीतरी विचारायला हवे होते. बारा वाजता माझी वेळ संपली, तरी मी तिथेच उभी होते. शेवटी दिवा घालवणारा आला आणि म्हणाला, "बाई, भट्टी बंद करू ना?"

करा, म्हटले.